सेबूची काठी: जोर नाहीत, बैठका नाहीत, मग दम येतो कुठून?

सेबूकर

मंडळी, बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो. आता उजव्या कोपराला पट्टा बांधून घरी बसलोय, त्यामुळे वेळच वेळ आहे.

नोकरीमुळे सव्वादोन वर्षं फिलिपिन्समध्ये सेबू शहरात आहे. ऑफिस अमेरिकेच्या घड्याळावर चालतं, म्हणून संध्याकाळ मोकळी. आमच्या बारांगायमध्ये (आपला वॉर्ड समजा) पत्र्याचं छप्पर घातलेलं बास्केटबॉल कोर्ट आहे. तिथे आठवड्यातून तीन दिवस साठी ओलांडलेले एक गृहस्थ आठ-दहा जणांना एस्क्रिमा, म्हणजे इथली काठीची युद्धकला, शिकवतात. सगळे त्यांना ‘नोंग’ म्हणतात, आपल्याकडे अण्णा म्हणावं तसं. पायात रबरी चपला, अंगात बिनबाह्यांचा गंजीफ्रॉक. पोट थोडं सुटलेलं. बघून वाटणार नाही.

मी गेलो तो पुण्यात चार वर्षं जिम करून कमावलेलं शरीर घेऊन. मनात म्हटलं, काठीच तर फिरवायची आहे. वॉर्मअपची वाट बघत उभा राहिलो, तर नोंगनी हातात वेताची काठी दिली आणि म्हणाले, ‘आमारा’. आमारा म्हणजे हवेत वार. बारा कोनांचे बारा वार, एकातून दुसरा, मध्ये थांबायचं नाही. काठी 28 इंची, म्हणजे साधारण 71 सेंमी, जाडी अंगठ्यापेक्षा जरा जास्त. वजन म्हणाल तर काहीच नाही. दहाव्या मिनिटाला माझ्या हाताचं लाकूड झालं. बोटं उघडेनात. शेजारी पन्नाशीच्या एक बाई, दिवसभर मासळीच्या गाळ्यावर बसून आलेल्या, गप्पा मारत मारत तेच करत होत्या.

मग हळूहळू कळत गेलं की इथे ‘आधी शरीर कमवा, मग विद्या शिका’ असा हिशोबच नाही. काठीच शरीर घडवते. आमारा झाला की दोन काठ्यांची सिनावाली. सावाली म्हणजे बांबूच्या पट्ट्या विणून केलेला तट्ट्या, घराच्या भिंतीला लावतात तो. त्याच विणीसारख्या दोन काठ्या वर-खाली, आत-बाहेर फिरतात, समोर जोडीदार. डावा हात किती अडाणी आहे ते इथे कळतं. मग टायर. कोर्टाच्या खांबाला मोटारसायकलचा जुना टायर टांगलेला आहे, त्यावर वार. शेवटी कारेन्सा: एकट्याने, मनातला शत्रू समोर धरून, मोकळं खेळत राहायचं. सेबूच्या दमट हवेत हे तासभर केलं की बनियन पिळून काढावं लागतं.

घरी सरावाला नोंगनी ‘बाही’ची काठी दिली. ती ताडाच्या जातीच्या झाडाच्या कठीण लाकडाची असते, काळपट आणि वेताच्या दुप्पट जड. त्याहून भारी कामागोंग, म्हणजे इथलं शिसवासारखं काळं लाकूड. या दोन्ही काठ्या एकट्याने फिरवायच्या. जोडीदाराबरोबर नाही, कारण हाड फुटतं, आणि लाकूड तडकलं तर फाक उडून डोळ्यात जाते. वेत तडकत नाही, झिजून झिजून त्याचा झाडू होतो. दोन वेत जोरात घासले गेले की जळका वास येतो, तो मला आता आवडायला लागलाय.

आता माझी कहाणी. टायरची चटक लागली. नोंग म्हणाले होते, शंभर पुरे. मी घरच्या गच्चीवर दुसरा टायर टांगला आणि रोज पाचशे मारायला लागलो, तेही मूठ गच्च आवळून. चौथ्या महिन्यात चहाचा कप उचलताना कोपर ओरडलं. नोंग रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, ‘हिनाय-हिनाय, बास्ता कानुनाय.’ हळूहळू, पण रोज. आणि मग माझ्या मुठीत दोन बोटं घालून दाखवलं की काठी एवढीच सैल धरायची असते.

दोन प्रश्न आहेत. काठीच्या जोडीला वेगळा व्यायाम लागतो की नाही? आणि आपल्याकडे लाठी, पट्टा (दांडपट्टा) खेळणारे अंग कसं तयार करतात? जाणकारांनी लिहावं.

खवचट_काका

पुण्यात चार वर्षं होतात तेव्हा एकाही तालमीची पायरी चढला नाहीत, आणि काठी शिकायला समुद्र ओलांडलात. असो, उशिरा का होईना.

एक विचारतो. कोणी काली म्हणतं, कोणी एस्क्रिमा, कोणी आर्निस. तीन आहेत की एकच? की दुकानं वेगळी आणि माल तोच?

सेबूकर

काका, टोमणा पोचला :)

माल बराचसा तोच. एस्क्रिमा हा तलवारबाजीच्या ‘एस्ग्रिमा’ या स्पॅनिश शब्दावरून आला, आर्निस हा चिलखताच्या ‘आर्नेस’वरून. सेबूत एस्क्रिमाच म्हणतात. सरकारने मात्र 11 डिसेंबर 2009 च्या कायद्याने ‘आर्निस’ला राष्ट्रीय युद्धकला आणि राष्ट्रीय खेळ ठरवलं, त्यामुळे शाळेत तोच शब्द. ‘काली’ अमेरिकेत जास्त ऐकू येतो आणि तो मुळात किती जुना यावर इथले लोक तावातावाने भांडतात. मी त्यात पडत नाही.

पुलापलीकडे माक्तान बेट आहे. 27 एप्रिल 1521 ला तिथे लापुलापू या स्थानिक सरदाराच्या लोकांनी मॅगेलन या दर्यावर्दीला मारलं. ‘तेव्हाही हीच कला होती’ असं प्रत्येक क्लासच्या भिंतीवर असतं. मॅगेलनबरोबर असलेल्या पिगाफेत्ताने जे लिहून ठेवलंय त्यात भाले आहेत, बांबू आहेत, पायावर बसलेला रुंद पात्याचा वार आहे. बारा कोन नाहीत. माक्तानला उथळ पाणी होतं आणि माणसं संख्येने फार जास्त होती, हे कारण मला पुरेसं वाटतं.

तालमीतला

कोल्हापूरकडचा आहे, मर्दानी खेळात वाढलो. धागा आवडला, म्हणून सविस्तर लिहितो.

आमच्याकडे वस्तादांनी पहिले काही महिने हातात काही दिलं नाही. फक्त पवित्रे. मातीत पाय टाकत राहायचं, बास. आम्ही वैतागलो, दोघं सोडून गेले. मग जोर-बैठका, मग मुद्गल आणि करेला (खांद्याभोवती फिरवायची जड लाकडं). खांद्याच्या वाटीत तेल पडल्यासारखं फिरायला लागलं की मग लाठी, पट्टा त्यानंतर. म्हणजे तुमच्या नोंगच्या बरोबर उलट.

पण याला कारण आहे असं मला वाटतं. पट्ट्यात हात पोलादी खोबणीत कोपरापर्यंत बंद होतो, मनगट वळवायची सोयच नाही. सगळा फिरवा खांद्यातून आणि कंबरेतून. त्यामुळे मुद्गलाने खांदा मोकळा झाल्याशिवाय पट्टा हातात दिला तर पोरगं स्वतःचाच कान कापेल. तुमच्या काठीत मनगट मोकळं आहे, म्हणून तुमचं दुखणं कोपरात आणि आमच्या पोरांचं खांद्यात.

पायांचं काय करतात ते लिहा. पवित्रा नाही असं हत्यार जगात नसावं.

सेबूकर

हे मनगटाचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. अगदी बरोबर. इथला ‘आबानिको’ म्हणजे पंखा, नुसत्या मनगटाने काठी डावी-उजवीकडे फडफडवायची. ‘वितिक’ म्हणजे चाबकासारखा झटका, मारून लगेच परत. दोन्हींत खांदा जवळजवळ झोपलेला असतो.

पाय आहेत हो, पण पहिल्या दिवसापासून काठीबरोबरच. नोंग खडूने कोर्टावर त्रिकोण काढतात. टोकावर उभं राहायचं, वार आला की दोनपैकी एका कोपऱ्यावर तिरकं पुढे जायचं. मागे पळणं जवळजवळ नाहीच. सुरुवातीला मला हे नाचासारखं वाटायचं. गुडघे किंचित वाकलेले ठेवून पंचेचाळीस मिनिटं त्रिकोणावर घालवली की बैठका न मारताही मांड्या बोलायला लागतात.

आणि आगाक. हे सांगायचं राहिलंच. सेबूत 1932 मध्ये दोसे पारेस नावाचा क्लब निघाला. त्यातले वेनान्सिओ बाकोन पुढे बाहेर पडले आणि 1952 मध्ये बालिंतावाक रस्त्यावर आपला वेगळा क्लब काढला. रस्त्याचंच नाव घराण्याला पडलं. बाकोन अंगकाठीने लहान होते. त्यांच्या घराण्यात एकच काठी आणि अगदी जवळचं अंतर. आगाक म्हणजे गुरू समोर उभा राहून वार ‘भरवतो’, कुठला येणार ते सांगत नाही, आणि तुमचा श्वास बघून वेग वाढवतो. तुम्ही अडवायचं, डाव्या हाताने त्याची काठी किंवा मनगट दाबायचं, परत द्यायचं. तीन मिनिटांत ओकारी येते. नोंग एकाच जागी उभे असतात आणि त्यांना घामही नसतो. दम त्यांचा नाही, आपलाच निघतो.

अस्थिपंजर

फिजिओथेरपिस्ट आहे. तपासल्याशिवाय निदान करत नाही, तरी तुम्ही लिहिलंय ते टेनिस एल्बोच्या गोष्टीसारखंच आहे.

मूठ आवळताना बोटं मिटणारे स्नायू काम करतात हे सगळ्यांना माहीत असतं. पण त्याच वेळी मनगट खाली पडू नये म्हणून हाताच्या मागच्या बाजूचे स्नायूही ताणलेले राहतात आणि ते कोपराच्या बाहेरच्या हाडाला चिकटलेले असतात. टायर काठी परत फेकतो. मूठ गच्च असेल तर तो धक्का काठीत जिरत नाही, थेट त्या चिकटलेल्या जागेवर येतो. दिवसाला पाचशे वेळा. मूठ सैल ठेवून क्षणभरच आवळली तर काठी थोडी फिरते आणि धक्का तिथेच संपतो. तुमच्या नोंगनी दोन बोटं घालून जे दाखवलं ते मी रुग्णांना अर्धा तास बोलून समजावते.

दुसरं, स्नायू काही आठवड्यांत तयार होतो, टेंडनला (स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोरीला) महिने लागतात. जिममधून आलेल्या माणसाचा घात इथेच होतो. जोर असतो, पण तो ज्या दोरीने बांधलाय ती दोरी अजून नवीन असते. मासळीवाल्या बाईंना वर्षानुवर्षांची सवय आहे.

आता पूर्ण विश्रांती घेऊन बसू नका. दुखणं सहन होईल इतपत: मनगट वर धरून स्थिर ठेवणं, मग हलकं वजन हळूहळू खाली सोडणं. जवळच्या कोणाकडून शिकून घ्या, आणि टायर सध्या बंद.

दवाओतली

मी मूळची जळगावची, फिलिपिन्समध्येच दवाओला एमबीबीएसच्या धर्तीवरचं शिक्षण घेतेय. इथे आपली मराठी मुलं बरीच आहेत. काठी शिकत नाही, पण होस्टेलच्या मावशी काय म्हणतात ते सांगते.

व्यायाम किंवा इस्त्री करून हात तापलेले असताना गार पाण्याने धुतले तर ‘पास्मा’ होतो. हात थरथरतात, तळव्यांना घाम येतो. आमच्या पुस्तकात असा आजार नाही. तरी इथल्या डॉक्टर मॅडमसुद्धा घरी तेच पाळतात! आपल्याकडे ‘घामावर पाणी पिऊ नको’ म्हणतात त्यातलाच प्रकार. सेबूकर, तुमचे नोंगही नक्की म्हणत असतील.

आणि हिलोत केलात का? खोबरेल तेल लावून चोळणारे मांगहिलोत. मुरगळण्यासाठी आधी तिथेच जातात.

सेबूकर

पास्मा! पहिल्याच दिवशी मी नळाखाली हात धरले आणि चार जण एकदम ओरडले. अजून तासभर हात न धुता बसतो.

हिलोत केला. छान वाटलं, झोप लागली. कोपर तसंच.

जिमवीर

माफ करा, पण धाग्यात जरा भाबडेपणा वाटतोय. हवेत काठी फिरवून जो दम येतो तो हवेत काठी फिरवण्याचाच दम असतो. जरा स्पर्धा बघा. सेबूतच 1989 मध्ये पहिली जागतिक स्पर्धा झाली. हेल्मेट, जाड जाकीट, हातमोजे घालून एकेक मिनिटाच्या तीन फेऱ्या. एक मिनिट ऐकायला काहीच नाही, पण सेकंदाला तीन-चार वार चालू असतात आणि जाळीच्या हेल्मेटमध्ये श्वास कोंडतो. 2019 च्या आग्नेय आशियाई क्रीडा स्पर्धांत आर्निसची 20 सुवर्णपदकं होती, त्यातली 14 यजमान फिलिपिन्सने घेतली. ती पोरं काय फक्त कारेन्सा करून आली? पळणं, दोरी, वजनं, सगळं करतात. आजोबांच्या गोष्टी छान आहेत, पण पदक त्याने येत नाही.

तालमीतला

जिमवीर, यात चूक काही नाही. आमच्याकडेही शिवजयंतीच्या मिरवणुकीत तासन्‌तास खेळणारी पोरं आहेत, त्यांना कुस्तीच्या फडात टाकलं तर दोन मिनिटांत बसतील. दम ज्याचा त्याचा असतो.

पण एक सांगा. त्या 20 पदकांमधला खेळाडू साठाव्या वर्षी काय करत असेल?

जिमवीर

ते मला काय माहीत :D कोच असेल.

डेल्टाकाठची

मी कॅलिफोर्नियात स्टॉकटनपासून अर्ध्या तासावर राहते. हा धागा बघून राहवलं नाही.

इथे 1920-30 च्या दशकांत फिलिपिन्समधून तरुण मजूर फार मोठ्या संख्येने आले. काम म्हणजे अ‍ॅस्परॅगस कापणं: दिवसभर कंबरेत वाकून, लांब दांड्याच्या पात्याने जमिनीच्या खाली देठ छाटायचा. गावात त्यांची वस्ती होती, लिटल मनिला. त्यातलेच काही एस्क्रिमा जाणणारे. दिवसा शेतात, शिकवणं बंद दाराआड. 1966 मध्ये आंखेल काबालेस यांनी स्टॉकटनमध्ये सगळ्यांसाठी खुला वर्ग काढला, तोपर्यंत बाहेरच्यांना फारसं शिकता येत नसे. ब्रूस लीचे सरावातले जोडीदार आणि एस्क्रिमा शिकवणारे डॅन इनोसांतो स्टॉकटनचेच, जन्म 1936.

माझ्या ओळखीच्या एका फिलिपिनो शेजाऱ्याचे आजोबा अशाच मजुरांपैकी. तो म्हणतो, त्यांना कोणी ‘व्यायाम कसा करता’ विचारलं असतं तर ते हसले असते. शेत हाच व्यायाम.

पाचट

डेल्टाकाठची, हे वाचून मला लिहावंसं वाटलं, पण थोडं वेगळं.

मी बीडचा. आईवडील ऊसतोडीला जायचे, मीही कोयता धरलाय. रेमी प्रेसास, ज्यांनी मॉडर्न आर्निस ही आर्निसची शाखा उभी केली, ते फिलिपिन्सच्या नेग्रोस बेटाचे, आणि नेग्रोस म्हणजे उसाचंच बेट. तिथले तोडकरी ज्याने ऊस तोडतात ते पातं चित्रात बघितलं, आमच्या कोयत्याचा चुलतभाऊच. त्यामुळे वार कसा येतो ते मला कळतं. बुडाला तिरका एक, शेंड्याला एक, डाव्या हाताने ऊस धरलेला. तुमचा तो समोरच्याची काठी दाबणारा, ‘जिवंत’ डावा हात आमच्याकडे आधीपासून आहे, नाहीतर बोटं जातात.

मनगट, पंजा, पोटऱ्या, सगळं तयार होतं, खोटं नाही. पण वडील पन्नाशीत ताठ उभे राहू शकत नव्हते. मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर चढायचं, थंडीत पहाटे तीनला. तिथे कोणी ‘हिनाय-हिनाय’ म्हणत नाही, मुकादमाचा हिशोब टनावर असतो. म्हणून ‘शेत हाच व्यायाम’ ऐकलं की पोटात कालवतं. व्यायामात थांबता येतं.

डेल्टाकाठची

पाचट, माझं चुकलं. तो शेजारीही पुढे म्हणाला होता की आजोबांची पाठ कायम दुखायची. ते मी गाळलं.

अस्थिपंजर

पाचट यांचं शेवटचं वाक्य मी दवाखान्यात लावणार आहे, परवानगी असेल तर.

जिमवीर यांच्यासाठी: तुमचंही बरोबर आहे. स्पर्धा खेळायची तर हृदय-फुप्फुसाची तयारी वेगळी करावीच लागते. पण सेबूकर यांना स्पर्धा खेळायची आहे असं त्यांनी कुठे म्हटलंय?

सेबूकर

नाही हो, स्पर्धा वगैरे नाही. मला फक्त त्या मासळीवाल्या बाईंच्या बरोबरीने उभं राहायचंय.

काल कोपर बांधूनच कोर्टावर गेलो, म्हटलं बसून बघू. नोंगनी तालमीतल्याचं म्हणणं ऐकलं (मी मोडक्या बिसाया भाषेत पट्ट्याचा हात कसा बंद असतो ते दाखवलं) आणि फार वेळ विचार करत राहिले. मग म्हणाले, ‘मग तो सोडायचा कसा?’ म्हणजे हत्यार पकडलं गेलं तर हात बाहेर कसा काढायचा. याचं उत्तर मला देता आलं नाही.

मग माझ्या डाव्या हातात काठी दिली. उजवा बरा होईपर्यंत डाव्यानेच. आमारा, पन्नास. चौदाव्याला काठी हातातून निसटून बास्केटच्या जाळीत अडकली, पोरं टाळ्या वाजवायला लागली.

तालमीतला

नोंगना सांगा, पट्ट्याचा हात सुटत नाही म्हणूनच तो पकडायला कोणी जवळ येत नाही. दोन्ही धारांनी सतत फिरतो. थांबला तर संपलं. दमाचं उत्तर यातच आहे, थांबायची सोय नाही.

खवचट_काका

इतकं सगळं वाचून काल रात्री लाटणं घेऊन बारा वार करून बघितले. चौथ्या वाराला ट्यूबलाइट गेली. हिने लाटणं जप्त केलंय.

वेताची काठी पुण्यात मिळेल का? शाळेत असताना घरोघरी होती, मास्तरांच्या कृपेने आम्हाला तिचा सगळा अभ्यास आहे. वय 67, मधुमेह आहे, बाकी ठीक.

सेबूकर

काका, फर्निचरवाल्याकडे जा. फाकवलेला वेत नको, अख्खा घ्या, सालीसकट, सरळ, पेरं जवळजवळ असलेला. मुठीखाली चार बोटं उरतील असं धरा. आणि अंगणात जा, छताखाली नको. डिसेंबरात येतोय, चेक-इन बॅगेत चार काठ्या टाकतो, तुमच्यासाठी एक.

खवचट_काका

दोन आणा. ही पण विचारतेय.